होयबाच्या भरवशावर घर

"इन्स्पेक्शनची घासाघीस तू एआयकडून करून घेतलीस म्हणे?" असं महिन्याभरात तिघांनी विचारलं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून इथे एकदाच लिहितो.

आधी पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी. इथे न्यू जर्सीत जुनं घर घेताना ऑफर मान्य झाली म्हणजे सौदा पक्का झाला असं नसतं. आधी तीन कामकाजाच्या दिवसांचा अ‍ॅटर्नी रिव्ह्यू, म्हणजे वकिलांनी करार तपासायचा. मग इन्स्पेक्टर छतापासून बेसमेंटपर्यंत घर तपासतो आणि त्याच्या रिपोर्टवर दुसरी घासाघीस सुरू होते: हे दुरुस्त करून द्या, नाहीतर क्लोजिंगला (म्हणजे घर नावावर होताना) तेवढं क्रेडिट, म्हणजे सूट, द्या. सगळं दोन्हीकडच्या वकिलांच्या पत्रांतून. आमच्या हातात १४ दिवस होते.

घर १९७४ चं. रिपोर्ट ६४ पानी, दोष ४३. रात्री अकराला पीडीएफ एआय असिस्टंटला दिली. चहा उकळेपर्यंत गंभीर काय, किरकोळ काय याची वर्गवारी हजर. हे काम त्याने झकास केलं, कबूल. रेडॉन लिटरमागे ६.२ पिकोक्युरी आला होता. रेडॉन मला शाळेतल्या आवर्तसारणीपुरताच ठाऊक! जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, ४ किंवा त्याहून जास्त आला तर उपाय करा असं ईपीए (इथली सरकारी पर्यावरण संस्था) सांगते, आणि उपाय म्हणजे फरशीखालची हवा पंख्याने ओढून पाइपातून छपरावर सोडायची. पाच ओळींत समजावलं त्याने. नुसता रिपोर्ट वाचून मी घाबरून पळालो असतो.

मग हावरटपणे मी त्यालाच घासाघिशीला बसवलं.

मी विचारलं, "छत अठरा वर्षांचं आहे, नव्या छताचे पूर्ण पैसे मागायला हवेत ना?" म्हणाला, अगदी रास्त. बाकीचे दोषही जोडून २८ हजार डॉलर क्रेडिटचं तुळतुळीत पत्र लिहून दिलं. शेजारी बसून बायकोने तिच्या फोनवर विचारलं, "छत गळत नाहीये, तरी नवरा पूर्ण छताचे पैसे मागतोय. जरा जास्तच होतंय ना?" तिला उत्तर आलं: हो, ही मागणी अवाजवी आहे, सौदा मोडू शकतो. घर तेच, रिपोर्ट तोच. पाटलाच्या ओसरीवरचा होयबा बरा, तो निदान एकाच पाटलाला हो म्हणतो.

पत्र वकिलाकडे गेलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला, डाऊन पेमेंट किती? पाच टक्के. मग सेलरकडून किमतीच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त क्रेडिट तुमची बँक धरणारच नाही. ६ लाख ४० हजारांवर तीन टक्के म्हणजे १९,२००, आणि तेही क्लोजिंगच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त नाही. २८ हजार मिळाले असते तरी वरचे वायाच. असिस्टंटला हे माहीत असणारच. मी विचारलं नाही, त्यानेही डाऊन पेमेंट विचारलं नाही.

खरा धक्का ४१ व्या पानावर होता. बेसमेंटच्या भिंतीतून आलेल्या, टोकं चेपून बंद केलेल्या दोन बारीक तांब्याच्या नळ्या. असिस्टंटच्या यादीत "किरकोळ". आमच्या रिअल्टर, म्हणजे घरांच्या एजंट, बेन (मुलुंडला वाढलेल्या, मराठी फर्डं) फोटो बघताच म्हणाल्या, "अहो, इथे आधी ऑइल हीटिंग होतं. तेलाची टाकी कुठाय?" नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये जमिनीखालची टाकी शोधणं येत नाही, त्यासाठी वेगळी स्वीप, म्हणजे अंगणाची तपासणी, करावी लागते. केली. टाकी अंगणात होती. ती गळून माती खराब झाली असती तर सफाईचा खर्च कितीवर गेला असता याचा विचारही नको.

माझं मत आता पक्कं आहे. रिपोर्ट वाचायला, शब्द समजून घ्यायला, वकिलाला काय विचारायचं ते ठरवायला एआय जरूर वापरा. सौदा त्याच्या हाती देऊ नका. त्याला कागदावरचं दिसतं आणि तुम्हाला काय ऐकायचंय ते कळतं. समोरच्याचं अडलंय कुठे ते कळत नाही.

ते बेनना कळलं, सेलरच्या रिअल्टरला एक फोन करून. घरमालक आजोबा एकटेच, मुलीकडे पेनसिल्व्हेनियाला जाणार होते, आणि तिचं घर तयार व्हायला दोन आठवडे कमी पडत होते. आम्ही क्लोजिंगनंतर दोन आठवडे त्यांना राहू दिलं. त्यांनी स्वतःच्या खर्चाने टाकी काढून दिली, रेडॉनचा पंखा बसवला, वर ६ हजारांचं क्रेडिट. आम्ही छताचं नावही काढलं नाही. डेकचा कठडा हलतो हा दोषही बेननी यादीतून खोडला, कारण तो आजोबांनी स्वतः बांधला होता.

टाकी निघाली त्या दिवशी मी रजा टाकून बघायला गेलो. ५५० गॅलनची, गंजलेली, पण खालची माती स्वच्छ. आजोबा कॉफीचा मग घेऊन शेजारी उभे. म्हणाले, "या जागेवर तीस वर्षं माझ्या बायकोचे टोमॅटो होते."