एएसओ २००च्या वर म्हणजे पँडास? त्या व्हायरल मेसेजला एका आईचं उत्तर

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचा मतितार्थ असा: तुमचं मूल अचानक सारखे हात धुऊ लागलं, डोळे मिचकावू लागलं, हट्टी झालं, तर तो मानसिक आजार नाहीच. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस (स्ट्रेप) जंतूमुळे होणारा ‘पँडास’ आहे, तो जंतू मेंदूवर हल्ला करतो. रक्तातला एएसओ (स्ट्रेपविरुद्धची अँटिबॉडी) तपासा, २००च्या वर आला की निदान पक्कं. वर्षभर अँटिबायोटिक द्या, टॉन्सिल काढून टाका. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊ नका, त्या गोळ्यांनी मेंदू कायमचा बिघडतो. एवढं करूनही उतार पडला नाही तर आयव्हीआयजी हे शिरेतून द्यायचं इंजेक्शन द्या, पंधरा दिवसांत मूल पहिल्यासारखं होतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: डॉक्टर हे तुमच्यापासून लपवतात.

माझ्या मुलाला हेच निदान मिळालेलं आहे. बालरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ आणि बालमानसोपचारतज्ज्ञ या तिघांनी एकमेकांशी बोलून ते केलं. त्यामुळे हा आजार थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. तो आमच्या घरात आहे, म्हणूनच या मेसेजमधली एकेक ओळ मला धोक्याची वाटते. मूल बदललंय, कारण कळत नाही, नातेवाईक ‘लाडावलंय’ म्हणताहेत, अशा वेळी हा मेसेज वाचणाऱ्या आईला केवढा आधार वाटत असेल ते मी जाणते. मुलाचा दोष नाही आणि आईवडिलांचाही नाही, हे त्यातलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. बाकीच्याकडे नीट बघू.

‘जंतू मेंदूवर हल्ला करतो.’ तसं होत नाही. जंतू घशातच असतो. ‘अ’ गटातल्या स्ट्रेप्टोकोकसच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या शरीरातल्या पेशींवरच्या रेणूंशी मिळतेजुळते असतात. जंतूला मारण्यासाठी शरीर ज्या अँटिबॉडी तयार करतं, त्या काही मुलांमध्ये स्वतःच्याच पेशींना चिकटतात. हालचाली आणि सवयी सांभाळणारा मेंदूच्या खोल भागातला बेसल गँग्लिया त्यात सापडतो, अशी मांडणी आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमधल्या सुझन स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये अशा पहिल्या ५० मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. वय तीन वर्षं ते वयात येण्यापूर्वीचं, ओसीडी (नको ते विचार मनातून न जाणं आणि त्यापायी त्याच त्या कृती करत राहणं) किंवा टिक्स (डोळे मिचकावण्यासारख्या आपोआप होणाऱ्या हालचाली) एकाएकी सुरू झालेल्या, आणि स्ट्रेपच्या संसर्गाशी वेळेचा मेळ.

पुढे अडचण अशी आली की तो मेळ सिद्ध करणं अनेकदा जमेना. म्हणून २०१२मध्ये स्वीडो यांनीच दोन सहकाऱ्यांबरोबर ‘पॅन्स’ ही व्यापक व्याख्या मांडली. तिच्यात स्ट्रेपची अटच नाही. ओसीडी किंवा खाणंपिणं टोकाचं कमी होणं एकदम सुरू झालेलं हवं, आणि त्याच वेळी इतर काही बदलही: तीव्र भीती, चिडचिड, लहान बाळासारखं वागणं, अभ्यासात घसरण, बिघडलेलं अक्षर, झोप उडणं, सारखी लघवीला होणं. इथे ‘एकदम’ या शब्दाला फार वजन आहे. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, ‘कधीपासून? नेमका दिवस सांगता येईल?’ सहा महिन्यांत हळूहळू वाढत गेलेला ओसीडी हाही आजारच आहे, त्यालाही उपचार हवेत, पण तो सहसा हा नव्हे.

मग डॉक्टर लपवतात ते काय? लपवण्यासारखं काही नाही, वाद मात्र आहे आणि तो उघड चालू आहे. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, स्ट्रेपची चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या मुलांत ओसीडीचं प्रमाण सुमारे दीडपट आणि टिक्सचं सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळलं. पण स्ट्रेप नसलेल्या घशाच्या संसर्गानंतरही धोका वाढलेला दिसला, जरा कमी इतकंच. उलट युरोपातल्या ७१५ टिक्सग्रस्त मुलांवर लक्ष ठेवून केलेल्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्ट्रेपचा संसर्ग आणि टिक्स वाढणं यांचा संबंध सापडला नाही. जे डॉक्टर ‘मला खात्री नाही’ म्हणतात ते या दोन्ही गोष्टी वाचून तसं म्हणत असतील. त्यांना खोटारडं ठरवू नका.

आता एएसओ. या मेसेजमधली सर्वांत जास्त नुकसान करणारी ओळ हीच, कारण ती सोपी आहे. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर २००च्या पुढचा आकडा ठळक छापून येतो आणि घरात रडारड सुरू होते. एएसओ म्हणजे स्ट्रेपच्या एका विषाविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी. ती वाढलेली असेल तर एवढंच कळतं की या मुलाला मागे कधीतरी स्ट्रेप झाला होता. शाळकरी वयात घसा धरणं इतकं सर्रास असतं की अगदी ठणठणीत मुलांतही आकडा २००च्या वर सापडतो. संसर्गानंतर आठवड्याभरात तो चढू लागतो, तीन ते सहा आठवड्यांत सर्वांत वर जातो आणि कित्येक महिने रेंगाळतो. संसर्ग ताजा आहे हे दाखवायचं तर काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून आकडा चढतोय का ते बघावं लागतं, किंवा मुळात घसा दुखत असतानाच घशाचा स्वॅब घ्यावा लागतो. त्यातही काही मुलं आजारी न पडता घशात स्ट्रेप बाळगून असतात.

शिवाय टिक्स. शाळकरी मुलांत त्या इतक्या सामान्य आहेत की दर पाच मुलांतल्या एकाला कधी ना कधी, थोड्या काळासाठी का होईना, होतात असं मानलं जातं. त्या आपोआप वाढतात, आपोआप कमी होतात. ज्या वयात टिक्स त्याच वयात घसादुखी. दोन्ही एका महिन्यात आल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही.

आणि हा आकडा उलट बाजूनेही फसवतो. मेसेजमध्ये एका आजाराचा साधा उल्लेखही नाही, आणि आपल्याकडच्या पालकांना खरं तर तोच आधी माहीत हवा: सिडनहॅम कोरिया. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६मध्ये त्याचं वर्णन केलं. हा रुमॅटिक फीव्हरचा, म्हणजे स्ट्रेपनंतर येणाऱ्या आणि हृदयालाही इजा करू शकणाऱ्या आजाराचा, भाग असतो. मुलीच्या हातातून वाटी पडते, बटण लावता येत नाही, अक्षर वेडंवाकडं होतं, चेहरा वेडावल्यासारखा हलतो, बाहेर काढलेली जीभ स्थिर राहत नाही. डॉक्टरांची बोटं धरायला सांगितली तर मूठ दूध काढताना व्हावी तशी आवळते, सैलावते. झोपेत या हालचाली थांबतात. आणि कितीतरी वेळा हे सगळं दिसण्याआधी मूल रडवेलं, चिडखोर झालेलं असतं, मनात नको ते विचार येत असतात. मुलींमध्ये जास्त, साधारण पाच ते पंधरा वयात. स्वीडो यांचं काम सुरू झालं तेही अशाच मुलांमधल्या ओसीडीचा अभ्यास करताना.

कोरिया घसादुखीनंतर एक ते सहा महिन्यांनी उमटतो. तोवर एएसओ उतरून नॉर्मल झालेला असू शकतो. मेसेजवर विश्वास ठेवणारी आई रिपोर्ट बघून म्हणेल, २००च्या खाली आहे, चला, काही नाही. आणि हृदयाच्या झडपांवर परिणाम होत असेल तो तसाच राहील. रुमॅटिक फीव्हर श्रीमंत देशांतून बराचसा गेला, आपल्याकडून गेलेला नाही. म्हणून अशा हालचाली दिसल्या की हृदयाची टूडी इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) करून घ्यायलाच हवी. कोरियाचं निदान झालं तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, कारण पुन्हा स्ट्रेप झाला तर झडपा आणखी बिघडतात. मेसेजमधलं ‘वर्षभर अँटिबायोटिक’ बहुधा इथूनच उचललेलं आहे, पण आजार दुसरा, औषध दुसरं, कारण दुसरं.

फिट येणं, ग्लानी, बोलणं बंद होणं, ताप आणि भ्रम यांपैकी काही असेल तर पँडासची चर्चा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. मेंदूला सूज आणणारे इतर ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे) आजार असतात आणि त्यांत दिवसांना किंमत असते.

अँटिबायोटिक आणि टॉन्सिलबद्दल फार लिहीत नाही. घशात स्ट्रेप सापडला तर त्याचा कोर्स पूर्ण करायचा, पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा दहा दिवसांचा. दुसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवून द्यायची नाही. पण स्ट्रेप न सापडता महिनोन्‌महिने अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देण्यामागे भक्कम पुरावा नाही. काही निवडक मुलांत डॉक्टर तसा निर्णय घेतात, तो त्यांच्या देखरेखीखालीच. या औषधाचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, आणि पेनिसिलिनला स्ट्रेप अजून दाद देतो तरी अ‍ॅझिथ्रोमायसिनला दाद न देणारे स्ट्रेप आहेत. निव्वळ पँडाससाठी टॉन्सिल काढून फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

‘मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊ नका.’ हे वाचून मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. कारण काहीही असो, ओसीडीत मूल भोगत असतं ते तेच. कारण अँटिबॉडी असेल म्हणून भीती आपोआप विरत नाही. ओसीडीसाठी मुलांमध्ये सर्वांत चांगला पुरावा सीबीटीचा (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा) आणि एसएसआरआय या नैराश्य-चिंतेवरच्या गटातल्या गोळ्यांचा आहे. अमेरिकेत ११२ मुलांवर झालेल्या आणि २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीबीटी आणि सर्ट्रालिन (याच गटातली गोळी) एकत्र दिलेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. गोळ्यांनी मेंदू कायमचा बिघडतो हे खोटं आहे. खरी काळजी वेगळी आहे: पँडास-पॅन्सच्या मुलांना या गोळ्यांनी बेचैनी येऊ शकते, म्हणून अगदी कमी डोसपासून सुरुवात करतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाच्या मनात मरणाचे विचार येताहेत का यावर लक्ष ठेवायला सांगतात. आम्हालाही डॉक्टरांनी हे समोर बसवून समजावलं होतं.

सीबीटीत काय होतं ते थोडं सांगते, कारण पालक म्हणून आमचं आयुष्य त्याने बदललं. मुलगा विचारायचा, ‘आई, ताटाला साबण राहिला नाही ना?’ मी ‘नाही रे राजा’ म्हणायचे. त्याला क्षणभर बरं वाटायचं आणि पुन्हा तोच प्रश्न. थेरपिस्टने दाखवलं की माझं प्रत्येक ‘नाही’ त्या प्रश्नाला आणखी बळ देतं. मग आम्ही उत्तरं कमी करत गेलो. मी म्हणायचे, ‘हे भीती विचारतेय. तिला मी उत्तर देणार नाही. तुला वरण आणखी हवंय का ते सांग.’ तो रडायचा. सासूबाईंना ते बघवायचं नाही. ‘लेकरू एवढं रडतंय आणि तू दगडासारखी उभी?’ त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, त्याला मी नाही म्हटलं नाही, पण ताटाच्या प्रश्नाला आजीकडून उत्तर मिळत राहिलं असतं तर सगळंच फुकट गेलं असतं. म्हणून त्यांनाही थेरपिस्टकडे नेलं. त्या समजल्या, आणि पुढे आमच्यापेक्षा त्याच जास्त ठाम राहिल्या. आजार भरात असताना मात्र मुलाला फार ताणायचं नसतं. तेव्हा मागणी थोडी कमी करून पुन्हा हळूहळू वाढवायची, हे थेरपिस्ट सांगतात. हे कुठल्याही इंजेक्शनात मिळत नाही.

त्या इंजेक्शनबद्दल. आयव्हीआयजी म्हणजे अनेक रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडी, शिरेतून सलाइनसारख्या दिलेल्या. १९९९च्या एका छोट्या चाचणीत त्याने मुलं बरीच सुधारली, तेव्हा सगळीकडे आशा पसरली. पुढे ३५ मुलांवर अधिक काटेकोर चाचणी झाली. २०१६मध्ये आलेल्या तिच्या निकालात आयव्हीआयजी आणि तुलनेसाठी दिलेलं, औषध नसलेलं द्रावण यांच्या परिणामांत संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस फरक निघाला नाही. फार गंभीर मुलांमध्ये तज्ज्ञ ते वापरतात, त्याला माझा विरोध नाही. पण त्यासाठी लाखांच्या घरात खर्च जातो, तीव्र डोकेदुखी आणि मेंदूच्या आवरणाला सूज असे त्रास होऊ शकतात, आणि एका मेसेजच्या भरवशावर दागिने गहाण टाकून ते घेणारं घर माझ्या डोळ्यांपुढे येतं. ते थांबावं म्हणून हे सगळं लिहायला बसले.

‘पंधरा दिवसांत पहिल्यासारखं’ हे आश्वासन देणं क्रूर आहे. अनेक मुलं खरंच खूप सुधारतात, पण बऱ्याच जणांत आजार भरती-ओहोटीने चालतो. साध्या सर्दीनंतरही उचल खाऊ शकतो. पंधरा दिवस झाले आणि मूल तसंच राहिलं की आई स्वतःला दोष देते. त्यापेक्षा वही घाला: कधी ताप आला, कधी घसा धरला, त्यानंतर वागण्यात काय फरक पडला, वजन किती. घरात कुणाचा घसा दुखत असेल तर तोही तपासून घ्या. शाळेला डॉक्टरांच्या सहीचं पत्र द्या. सारखी लघवीला लागणाऱ्या मुलाला वर्गातून जाऊ द्यावं, अक्षरासाठी गुण कापू नयेत, पेपरला जास्त वेळ मिळावा, इतकं त्यात पुरे. आमच्या वर्गशिक्षिकेने पत्र वाचून त्याला दाराजवळच्या बाकावर बसवलं.

आणि सात-आठ वर्षांचं मूल ‘मला मरायचंय’ म्हणालं तर ते नाटक समजू नका. अशा मुलांत हे होतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर कुठल्याही वेळी लागतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्या रात्री मुलाला एकटं झोपवू नका आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठा.