बंद घरातून पोर काही ऐकून आलं, तर आधी रागावू नका

मे महिन्यात पोरं बंद घराच्या आवारात शिरणारच. आंबे पडलेले, काजूचे बोंडू पिकलेले, मालक परदेशी नाही तर मुंबईला आणि वारस डझनभर. गोव्यात अशी घरं वाड्यावाड्यावर आहेत, त्यांच्यावर डोळा ठेवून असणारेही आहेत. २०२२ साली जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं, ते उगाच नाही. अशी माणसं आत बोलत बसलेली असताना पोर तिथेच असू शकतं.

जुन्या कौलारू घरात मधल्या भिंती बऱ्याचदा छपरापर्यंत नेलेल्या नसतात. एका खोलीतलं बोलणं वरून दुसरीत जातं. पोराला ऐकू येतं, तसंच पोराची चाहूलही तिकडे लागते. म्हणून आताच सांगून ठेवा: आवाज आला की जागीच थांब, मोबाईल काढू नकोस (अंधारात स्क्रीनचा उजेड लगेच दिसतो), माणसं गेली की आलास त्याच वाटेने बाहेर पड. माळ्यावर धावायचं नाही. वाळवीने आतून पोखरलेली फळी वरून शाबूत दिसते. परसातली बांय, म्हणजे विहीर, तीही गवतात दिसत नाही.

खरा घोळ होतो तो घरी. "तिथे कडमडायला गेलासच कशाला?" म्हटलं की पोर निम्मं गिळून टाकतं. ओरडायचं ते आठवड्याने ओरडा. आधी वही घ्या आणि त्याचेच शब्द उतरवा, सुधारू नका. आवाज किती, कोंकणी की हिंदी, कुठलं नाव वारंवार आलं? वेळ सांगता येत नसेल तर विचारा, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजून गेला होता का? "सुरा होता ना?" असं कधीच विचारू नका, "हातात काय होतं?" एवढंच विचारा. दुसऱ्यांदा सुचवलं की पोराला सुरा दिसायलाच लागतो. तिघं असतील तर तिघांना वेगवेगळं बसवा, नाहीतर तिघांची मिळून एकच गोष्ट तयार होते.

मग ११२ ला, म्हणजे पोलिसांना, फोन. गावकरी जमवून घर बघायला जाऊ नका, धुळीतली पावलं आणि सिगारेटची थोटकं तुमच्याच चपलांखाली जातात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक अक्षर नको. कुणाच्या पोराने ऐकलं हे तासाभरात सगळ्यांना कळतं, त्या माणसांनाही.

जबाबाला घाबरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि कुठल्याही वयाच्या मुलीला साक्षीदार म्हणून राहत्या घराबाहेर येण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. घरीच या म्हणून सांगा, आणि जबाब होईपर्यंत पोराशेजारून उठू नका.