मेडिक्लेमची खिडकी उघडण्यापूर्वी

कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचं नूतनीकरण जवळ आलं, की एचआरमध्ये नव्याने आलेल्या माणसाची झोप उडते. तुमची उडू देऊ नका. नावनोंदणीचा आठवडा शांततेत पार पाडणं मुळीच अवघड नाही. आपण नेमकं काय निवडतोय हे लोकांना कळू द्यायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की झालं.

आधी मुहूर्त बघा. पॉलिसीची तारीख तुमच्या हातात नसते, पण मेलची असते. गौरी-गणपतीचा आठवडा उत्तम. निम्मं ऑफिस कोकणात रेंज शोधत असतं. मेल शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर सोडा. त्यात सीईओंचा हसरा फोटो, सोबत पासवर्ड लावलेली पीडीएफ. पासवर्ड सोमवारच्या मेलमध्ये.

आता मुख्य विषय, आई-वडील. पोर्टलवर दोन गोल ठेवा: स्वतःचे पालक किंवा सासू-सासरे. जोडी एकच, आणि तीही अख्खी. हा प्रश्न घराघरांत वर्षानुवर्षं भिजत पडलेला असतो, तुम्ही त्याला सात दिवस द्या. निवड वर्षभर बदलता येणार नाही, हे वाक्य सबमिट दाबल्यानंतरच्या पानावर टाका. कोणीतरी कॅन्टीनमध्ये गाठून विचारेलच, ‘मॅडम, माझी आई एकटीच आहे हो. वडिलांच्या रिकाम्या जागी सासूबाईंना घालता येईल का?’ प्रश्न इतका रास्त आहे, की क्षणभर तुम्हालाही उत्तर सुचणार नाही. घाबरू नका. ‘सिस्टिम अलाऊ करत नाही’ म्हणा आणि चहाचा कप उचला.

माहितीसत्र विमा ब्रोकरकडच्या माणसाला घेऊ द्या. पहिल्या स्लाइडवर ‘5 लाखांचं कवच’ ठळक अक्षरांत हवं. खोलीच्या भाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये, ही ओळ शेवटच्या स्लाइडवर, तळाला, बारीक. 10,000ची खोली घेतली तर वरचे 5,000 खिशातून जातील, इतपत लोकांना अंदाज असतो. सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चसुद्धा त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा कापला जातो, हे मात्र डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर कळलेलं बरं. तोवर माणूस घरी जायच्या घाईत असतो, फार वाद घालत नाही. (औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कात्रीतून वगळल्या आहेत. ती विमा नियामकाची कृपा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.) पालकांच्या क्लेमवर 20 टक्के को-पे, म्हणजे बिलातला तेवढा वाटा कर्मचाऱ्याच्याच खिशातून, असेल, तर तो उच्चारताना किंचित खोकावं. सत्र संपताना कोणी हात वर केलाच तर ‘छान प्रश्न आहे, ऑफलाइन घेऊ’.

पैशांचं फार बोलू नये. पालकांचा प्रीमियम पगारातून कापला जाईल, पण प्राप्तिकरात त्याची वजावट मिळेल, असं मोठ्याने सांगा. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही आणि 2023-24 पासून हीच प्रणाली डिफॉल्ट आहे, हे ज्याचं त्याला रिटर्न भरताना उमगेल. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, मग आपल्या ग्रुपच्या प्रीमियमवर 18 टक्के कसा, असं एखादा चौकस विचारेल. अशा माणसाला क्रीडा समितीवर घ्या.

वर्षाच्या मध्ये पॉलिसीत जोडता येतात फक्त नवा जोडीदार आणि नवं बाळ, तेही बहुधा 30 दिवसांच्या आत. बाळाचं नाव ठरलेलं नसतं आणि पोर्टलला नाव सक्तीचं असतं. बापाला सांगा, आत्याला घाई करायला सांग.

ज्यांनी काहीच भरलं नाही, त्यांची गेल्या वर्षीची माहिती जशीच्या तशी पुढे ढकला. घटस्फोटित बायकोला आणखी एक वर्ष कवच मिळेल, धाकट्या मुलीला मिळणार नाही. तक्रार आलीच तर पाठवलेले तिन्ही जेंटल रिमाइंडर तारखेसकट जोडा.

शेवटच्या संध्याकाळी पोर्टल बसेल. ते बसतंच. मुदत एक दिवसाने वाढवा आणि मेलच्या विषयात लिहा, ‘लोकाग्रहास्तव’.