‘छापून तयार होतं, तरी दिलं नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

दसऱ्याच्या मुहूर्तावर दुकान सुरू झालं, मनापासून अभिनंदन. दोन स्टार देताना तुम्ही लिहिलंय की टेम्पोचे स्टिकर छापून झालेले तुम्ही स्वतः पाहिले, तरी आम्ही ते रात्रभर टांगून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिले. सकाळी मशीन नुसत्या रेघोट्या मारत होतं, असंही लिहिलंय. शिवाय सनबोर्डच्या (हलक्या फोम-प्लास्टिकच्या पाटीच्या) अक्षरांची कड पांढरी दिसते, अशी तुमची तक्रार आहे. मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी सामान हातात पडलं की जीव टांगणीला लागतो, हे मला समजतं. पावतीवर तीच वेळ लिहिली होती, पण ती तशी का होती ते सांगायला हवं.

टेम्पोचं व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचं मागून गोंद असलेलं प्लास्टिक, इको सॉल्व्हंट शाईने छापलं. हीटरमुळे ते मशीनमधून बाहेर येतानाच हाताला कोरडं लागतं. पण शाईतलं सॉल्व्हंट, म्हणजे शाई पातळ ठेवणारा द्रव, व्हिनाइलमध्ये मुरलेलं असतं आणि सावकाश उडतं. त्याला किमान 24 तास लागतात. तुमच्यासारखा भरीव मरून रंग असेल तर जास्तच. त्याआधी लॅमिनेशन (वरचा पारदर्शक संरक्षक थर) चढवलं तर सॉल्व्हंट आत कोंडतं आणि गोंदापर्यंत उतरून त्याची पकड सैल करतं. मग फुगे येतात, कडा वळतात, व्हिनाइल आकसतं. आमच्या टेबलावर यातलं काहीच दिसत नाही. गाडी उन्हात उभी राहिली, एक-दोनदा धुतली की दिसायला लागतं. रोल घट्ट गुंडाळला तरी वाफ आतच राहते, म्हणून पट्टे मोकळे टांगतो. लॅमिनेशनशिवाय द्या, असंही तुम्ही म्हणाला होतात. रोज फडकं फिरणाऱ्या गाडीवर शाई उघडी ठेवायला माझं मन तयार होत नाही.

सनबोर्डवर आम्ही यूव्ही शाईने थेट छापतो. ती यूव्ही दिव्याखाली जागच्या जागी पक्की होते, म्हणून अक्षरं त्याच दिवशी कापून मिळाली.

सकाळच्या त्या रेघोट्या म्हणजे नोझल चेक. शाई फवारणाऱ्या हेडची भोकं (नोझल) केसाहून बारीक असतात, रात्रीत एखाद्यात शाई सुकते. ती रेघ तुटकी दिसली की आधी हेड साफ करायचं, मगच काम लावायचं. तसंच छापलं तर भरीव रंगात आडवे पट्टे उमटतात. कितीही घाई असली तरी आमच्याकडे ही तपासणी चुकत नाही.

कडेचं सांगतो. तुमच्या फाइलला ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) नव्हतं, ते आमच्या मुलांनी 3 मिमी वाढवून घेतलं. कटिंग टेबलचा कॅमेरा छापलेल्या खुणा वाचून पातं फिरवतो, त्यामुळे समोरून कुठेही पांढरं राहिलेलं नाही. बाजूने दिसतो तो सनबोर्डचाच रंग. तो आतूनही पांढराच असतो. कड रंगवून हवी असेल तर ते वेगळं काम आहे, ऑर्डर देतानाच सांगा, करून देऊ.

टेम्पो धुताना प्रेशरचा पाइप स्टिकरच्या कडेजवळ धरू नका. कुठे कड उचललेली दिसलीच तर गाडी घेऊन या, समोर उभं राहून बघून देतो.