ट्युरिनचं कफन: रफूचा दावा आणि क्ष-किरणांचा दाखला

ट्युरिनचं कफन, म्हणजे इटलीतल्या ट्युरिन शहरात जपलेलं, येशूचं मानलं जाणारं लिननचं कापड, येशूच्याच काळातलं आहे, असं सांगणारा मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: 1988 ची कार्बन चाचणी रफू केलेल्या भागावर झाली, नमुना मळलेला होता, आणि 2022 च्या क्ष-किरण तपासणीत कापड 2000 वर्षांचं निघालं.

रफू: 21 एप्रिल 1988 ला कोपऱ्यातून पट्टी कापली गेली, तेव्हा वस्त्रतज्ज्ञ समोर होते. ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना इथल्या तीन प्रयोगशाळांचं एकत्रित उत्तर आलं इ.स. 1260 ते 1390. 1532 मध्ये कापड आगीत होरपळलं; त्यानंतर धर्मभगिनींनी लावलेली ठिगळं सहज ओळखू येत. 2002 मध्ये ती आणि अस्तर काढून कापडाची मागची बाजू पाहिली गेली. रफू कितीही सफाईचं असलं तरी मागून ते उघडं पडतं; इथे तसं काही आढळलं नाही.

त्याहून पक्कं आहे ते गणित. कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन काळासोबत ठरावीक वेगाने घटतो, त्यावरून वय काढतात. पहिल्या शतकातल्या लिननमध्ये आज मूळच्या सुमारे 78 टक्के कार्बन-14 उरायला हवा. मोजला गेला सुमारे 92 टक्के. सोळाव्या शतकातल्या धाग्यात तो 96 टक्क्यांच्या आसपास असतो. हे दोन मिसळून 92 गाठायचं, तर नमुन्यातले तीन-चतुर्थांश धागे नवे हवेत. याला रफू म्हणत नाहीत.

मळ: अगदी आजचा मळ धरला तरी नमुन्यातला साठ टक्क्यांहून जास्त कार्बन मळाचा असावा लागेल, तोही आम्ल-अल्कलीच्या धुण्यानंतर! सोबत दिलेल्या, वय माहीत असलेल्या कापडांची वयं मात्र बरोबर आली.

एक आक्षेप खरा आहे. कार्बन-वय ऑक्सफर्डला 750 वर्षं आलं, अ‍ॅरिझोनाला 646. हा फरक चाचणीत गृहीत धरलेल्या चुकीच्या मर्यादेत नीट बसत नाही. त्यामुळे 1260–1390 या सीमांवरचा भरवसा कमी होतो, पण हा शंभर वर्षांचा घोळ आहे, तेराशेचा नव्हे.

क्ष-किरण: ही पद्धत धाग्यातल्या सेल्युलोजची, म्हणजे तंतूंच्या मुख्य घटकाची, झीज मोजते. झीज ठरते तापमान आणि दमटपणावर. संशोधकांनी स्वतःच अट घातली आहे: चौदाव्या शतकाआधीची तेरा शतकं कापड 20 ते 22.5 अंश सेल्सिअस आणि 55 ते 75 टक्के आर्द्रतेत राहिलेलं असावं. त्या काळात ते कुठे होतं याची नोंदच नाही. पुढे 1532 च्या आगीत कफन ठेवलेल्या पेटीची चांदी वितळली, ती उष्णता वेगळीच. शिवाय तपासलेला धागा त्याच कोपऱ्याजवळचा. तो भाग रफूचा म्हणून कार्बन चाचणी बाद करायची आणि तिथल्याच धाग्याचं वय मूळ कापडाचं म्हणायचं, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

शंका मिटवायचीच असेल, तर 2002 मध्ये ठिगळांखालून निघालेले जळके कण जपून ठेवलेले आहेत. कार्बन चाचणीला तेही चालतात आणि ते कोपऱ्यापासून दूरचे आहेत.