‘फोटोसेशन’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

भारताच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय सौर आघाडी या देशांच्या संघटनेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘घरच्यांना अखंड वीज देता येत नाही त्यांनी जागतिक संस्था काढायच्या, म्हणजे आयईएची (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची) नक्कल आणि फोटोसेशन. लेखकाने वीजक्षेत्र लांबूनही पाहिलेलं दिसत नाही.’ मतभेद असू द्या, पण हा सूर कशासाठी? ‘लांबूनही’ गाळलं असतंत तरी मुद्दा पोचला असता.

विचारलंच आहे तर सांगतो. माझी उमेदीची वर्षं लोड डिस्पॅच केंद्रात, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या नियंत्रण कक्षात गेली. वीज कमी पडून फ्रिक्वेन्सी घसरू लागली की शेजारच्या ग्रीडला, म्हणजे वीजजाळ्याला, फोन जातो. त्या फोनला किंमत असते ती आधी ठरलेल्या गोष्टींमुळे: वीज किती ओढायची, मोजायची कुठे, हिशेब कोणत्या दराने. मुबलक वीज असलेल्याला असे नियम ठरवायची घाई नसते. टंचाईवाल्यालाच असते, आणि संस्था तिथूनच उभ्या राहतात. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांनी 1995 मध्ये ‘सदर्न आफ्रिकन पॉवर पूल’ हा आपसात वीज देण्याघेण्याचा संघ स्थापला, तेव्हा त्या भागातल्या असंख्य घरांत वीजच पोचलेली नव्हती. आधी दोन-दोन देशांचे करार झाले, 2001 मध्ये अल्पमुदतीचा वीजबाजार आला. हे फोटोसेशन?

नक्कल म्हणाल तर लॅटिन अमेरिकी देशांनी ‘ओलादे’ ही ऊर्जासंघटना नोव्हेंबर 1973 मध्ये लिमा इथल्या कराराने स्थापली. आयईए जन्मली 1974 च्या नोव्हेंबरात. तारखा पाहायला वेळ लागत नाही, पण तुम्ही तेवढाही दिला नाहीत. शिवाय आयईएचं पूर्ण सदस्यत्व ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांनाच मिळतं. भारत 2017 मध्ये तिथे गेला तो सहयोगी देश म्हणून. बाहेर ठेवलेल्यांनी वाट बघत बसायचं होतं का?

सौर आघाडीत सक्तीची वर्गणी नाही, आयईएसारखा 90 दिवसांच्या तेलसाठ्याचा दंडकही नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. तेवढं मान्य. पण माझ्या मते अशा सक्तीचं ओझं नव्हतं म्हणूनच 2015 मध्ये पॅरिसला जाहीर झालेली कल्पना पंधरा देशांच्या मंजुरीची अट पार करून डिसेंबर 2017 मध्ये करार म्हणून अमलात आली. पहिल्याच दिवशी दंडाची कलमं घातली असती, तर छोटी बेटं आणि कर्जबाजारी देश आत आलेच नसते.

पुन्हा लिहाल तर करारांच्या कलमांवर लिहा, माझ्या लायकीवर नको.