लिव्हर कडक झाला, ब्रेक तेवढाच राहिला: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. आपल्या तक्रारी चार आहेत. पुढे चार पिस्टनचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि स्टीलच्या जाळीचा पाइप बसवूनही क्रूझर बाइक पूर्वीइतकीच थांबते, लिव्हर मात्र दगडासारखा लागतो. ब्रेक किंचाळतो. डॉट 5 ब्रेक ऑइल सांगूनही आम्ही ‘हलकं’ डॉट 4 भरलं. आणि मागचे पॅड उगाच गळ्यात मारले.

पहिली तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण आपण स्वतः आणून दिलेल्या 16 मिमीच्या मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हरपाशी बसून ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) आहे. तो दोन डिस्कच्या गाडीचा आहे; आपल्या गाडीला पुढे एकच डिस्क. जॉब कार्डवर आम्ही ‘मूळ 14 मिमी ठेवावा’ असं लिहिलं होतं, त्याखाली आपली सही आहे. पण सही दाखवून ब्रेक सुधारत नाही, म्हणून हिशेबच मांडतो.

जुन्या कॅलिपरला एकाच बाजूला 27 मिमी व्यासाचे दोन पिस्टन होते, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 1145 चौ. मिमी. 14 मिमीच्या मास्टरचं क्षेत्रफळ 154. भागाकार 7.4. हा आकडा जितका मोठा, तितका बोटांच्या त्याच जोरात पॅडवर दाब जास्त. नव्या कॅलिपरला प्रत्येक बाजूला एक 32 चा आणि एक 30 चा पिस्टन. समोरासमोरच्या पिस्टनवाल्या कॅलिपरची एकच बाजू धरायची, म्हणजे 1511. त्याला 16 मिमीच्या मास्टरच्या 201 ने भागलं की 7.5. बोटांच्या तेवढ्याच जोरात पॅडवर जेवढा दाब आधी पडत होता, तेवढाच आताही पडतो. कॅलिपरने जे कमावलं ते मास्टरने खाल्लं. पॅड आकाराने मोठे झाले म्हणूनही पकड वाढत नाही. उष्णता पसरते आणि झीज कमी होते, एवढंच.

मग लिव्हर कडक का? रबरी पाइप दाबाखाली थोडा फुगतो आणि ते फुगणं बोटांना मऊ लागतं. स्टीलच्या जाळीचा पाइप जवळजवळ फुगत नाही. लिव्हर कडक म्हणजे ब्रेक जोरदार, हा समज फार पसरलेला आहे. वाढवलेल्या ब्रेकमध्ये बहुतेक वेळा लिव्हर उलट थोडा जास्त आत येतो. जुना 14 मिमीचा परत लावला तर भागाकार 9.8 होतो, म्हणजे त्याच जोरात जवळपास तिसरा हिस्सा जास्त दाब. लिव्हर आतापेक्षा जास्त आत येईल. त्याला बिघाड समजू नका, फक्त तो ग्रिपला टेकता कामा नये, आणि जोरात धरून ठेवल्यावर हळूहळू आत सरकता कामा नये. सरकला तर मास्टरचं सील गेलं.

किंचाळणं वेगळं. सिंटर्ड (धातूची पूड दाबून भाजलेले) पॅड बसवल्यावर बेडिंग, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसवून घेणं, करायला सांगितलं होतं: मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किमीवरून 20 पर्यंत, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये डिस्क गार होऊ देत. रिव्ह्यूत आपणच लिहिलंय की गाडी थेट हायवेवर नेली आणि टोलवर लिव्हर दाबून उभे राहिलात. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवला की त्या जागी पॅडचा थर चिकटतो. मग आवाज येतो, लिव्हर थरथरतो, आणि सगळे म्हणतात डिस्क वाकली. डिस्क खरंच वाकली आहे का, ते आम्ही डायल गेज लावून मोजू, पण आधी डिस्क बारीक एमरीने घासून पॅड पुन्हा बेड करू. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

डॉट 5 बद्दल: आकडा मोठा म्हणून ते ‘भारी’ असं नाही. ते सिलिकॉनचं असतं, डॉट 3, 4 आणि 5.1 ग्लायकॉलचे, आणि दोघांची मिसळ चालत नाही. आपल्या मास्टरच्या झाकणावर डॉट 4 कोरलेलं आहे, तेच भरलं. घाटात चालवत असाल तर 5.1 भरून देऊ. कोरडं, म्हणजे ओलावा न शोषलेलं, असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 260 अंश, डॉट 4 चा 230.

मागचे पॅड चकाकून काचेसारखे झाले होते. क्रूझरचा व्हीलबेस लांब आणि बसणं खाली, त्यामुळे ब्रेक मारताना वजन पुढे कमी सरकतं आणि मागचं चाक स्पोर्ट्स बाइकपेक्षा बरंच काम करतं. पुढचा ब्रेक वाढवून मागचा तसाच मरू देणं आम्हाला पटत नाही.

मास्टर बदलायची मजुरी लागणार नाही. बॅन्जोला (पाइपच्या टोकाची बोल्टने आवळायची कडी) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर टाकू. एकदा दबलेला वॉशर पुन्हा वापरला की पाझरतो. आपला हँडल उंच आहे, म्हणून हवा मास्टरच्या बॅन्जोपाशी अडकते. ती कॅलिपरवरच्या, हवा काढायच्या खालच्या निपलमधून निघत नाही, वरूनच काढावी लागते, त्यामुळे अर्धा दिवस धरून चला. गाडीला एबीएस नाही हे बरं, नाहीतर त्याच्या मॉड्युलेटरमधली (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा भाग) हवा काढायला स्कॅनरही लावावा लागला असता.

येताना जुना मास्टर त्याच्याच लिव्हरसकट आणा, दुसरा लिव्हर लावला तर पुशरॉडची (लिव्हर आणि मास्टरच्या पिस्टनमधली दांडी) ढील बदलते आणि ब्रेक चिकटून राहू शकतो. ब्रेकलाइटचा स्विचही त्याच पिशवीत घालून दिला होता.